विश्लेषण : राखेच्या ढिगावर उद्यान, जप्त इमारतीत ऑपेरा... महापौर ला गार्डिया यांनी न्यूयॉर्क कसे बदलले?

ऑगस्टअखेरीस यूएस ओपन टेनिस स्पर्धा सुरू झाली, की फ्लशिंग मेडोज हे नाव आपल्याकडच्या क्रीडारसिकांच्याही तोंडी येते. ज्या उद्यानात हे सामने होतात, तिथे नव्वदएक वर्षांपूर्वी कोळशाच्या राखेचे आणि कचऱ्याचे डोंगर होते. जवळच्या विमानतळाचे नाव ला गार्डिया. हे नाव ज्यांचे, ते फिओरेलो ला गार्डिया १९३४ ते १९४५ अशी सलग १२ वर्षे न्यूयॉर्कचे महापौर होते. ते सत्तेवर आले तेव्हा महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. तरीही याच काळात शहराला क्रीडांगणे, जलतरण तलाव, कलाशाळा आणि स्वस्त तिकिटांचे नाट्यगृह मिळाले. हे कसे जमले? आणि कुठे चुकले?

ला गार्डिया कोण होते?

जन्म ११ डिसेंबर १८८२ चा, न्यूयॉर्कमधील ग्रेनिच व्हिलेज भागातला. वडील आकिले इटलीहून आलेले संगीतकार, तर आई इरेने ज्यू कुटुंबातली. वडिलांना अमेरिकी लष्करात बँडमास्तरची नोकरी मिळाली आणि कुटुंब अ‍ॅरिझोनातील प्रेस्कॉट या गावी गेले. छावणीत बँडच्या तालमी चालत आणि घरात मुलांना संगीताचे धडे मिळत. फिओरेलोच्या हाती कॉर्नेट हे पितळी सुषिर वाद्य आले. संगीताची ही आवड त्यांना जन्मभर पुरली.

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळी सैन्याला पुरवलेले खराब मांस खाऊन वडील आजारी पडले. नोकरी गेली आणि कुटुंब आईच्या माहेरी, युरोपात ट्रिएस्टला परतले. १९०४ मध्ये वडील वारले. भ्रष्ट पुरवठादारांनी आपल्या वडिलांचा बळी घेतला, असे ला गार्डिया कायम मानत आले. पुढे शहरातल्या ठेकेदारांशी आणि दलालांशी त्यांनी जे हाडवैर धरले, त्याचे मूळ इथे सापडते.

तरुणपणी त्यांनी बुडापेस्ट आणि फियूमे येथील अमेरिकी वकिलातींत काम केले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कला परतल्यावर ते एलिस आयलंडवर स्थलांतरितांसाठी दुभाषे झाले. इटालियन, जर्मन, क्रोएशियन, यिडिश अशा भाषा त्यांना येत. नोकरी सांभाळून त्यांनी वकिलीचे शिक्षण पूर्ण केले. १९१६ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले आणि पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर वैमानिक म्हणून गेले.

१९२१ हे वर्ष त्यांच्यासाठी घातवर्ष ठरले. क्षयाने आधी तान्ही मुलगी आणि काही महिन्यांतच पत्नी थिया गेली. अंधाऱ्या, कोंदट चाळींमध्ये क्षय फोफावतो हे तेव्हाच्या न्यूयॉर्कला चांगलेच ठाऊक होते. मोकळी हवा आणि ऊन हा श्रीमंतांचा शौक नव्हे, ही जाणीव ला गार्डियांना अशी घरातूनच मिळाली.

महापौर झाले तेव्हा शहराची अवस्था काय होती?

न्यूयॉर्कवर अनेक वर्षे टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक यंत्रणेची पकड होती. नोकऱ्या, ठेके, परवाने सारे काही ओळखीपाळखीवर चाले. १९२९ मध्ये ला गार्डिया महापौरपदासाठी उभे राहिले आणि लोकप्रिय जिमी वॉकर यांच्याकडून सपाटून हरले. पुढे भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकलेल्या वॉकर यांना १९३२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. १९३३ च्या निवडणुकीत टॅमनीविरोधी आघाडीचे उमेदवार म्हणून ला गार्डिया जिंकले.

तोवर महामंदीने शहराचे कंबरडे मोडले होते. लाखो लोक बेकार होते. सेंट्रल पार्कमधल्या कोरड्या पडलेल्या जलाशयात बेघरांनी झोपड्या बांधल्या होत्या. उद्यानांतली बाके मोडलेली, झाडे वाळलेली. मुले रस्त्यावर नाहीतर घाण पाण्याच्या ईस्ट रिव्हरमध्ये खेळत. याच सेंट्रल पार्कमध्ये कसिनो नावाचे एक महागडे रेस्तराँ मात्र थाटात सुरू होते. वॉकर यांची मित्रमंडळी तिथे रात्री जागवत. जागा लोकांची आणि मौज मूठभरांची, असा तो प्रकार होता.

पहिले पाऊल कोणते उचलले?

पहिले पाऊल प्रशासकीय होते. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड या पाच विभागांत उद्यानांचे पाच वेगवेगळे कारभार होते. ला गार्डिया यांनी १९३४ मध्ये ते एकत्र केले आणि संपूर्ण शहरासाठी एकच उद्यान आयुक्त नेमला. त्यांचे नाव रॉबर्ट मोझेस. लाँग आयलंडवर जोन्स बीचसारखा सार्वजनिक किनारा उभारून मोझेस यांनी आधीच नाव कमावले होते.

मोझेस हेकेखोर होते आणि महापौरही तापट. खटके रोजचेच होते. मोझेस ऊठसूट राजीनाम्याची धमकी देत. शेवटी ला गार्डिया यांनी त्यांच्या राजीनाम्याचे कोरे छापील अर्जच तयार करून घेतले, फक्त पदाचे नाव आणि तारीख भरायची बाकी. पण काम करणारा माणूस म्हणून त्यांनी मोझेस यांना सोडले नाही. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांचे मोझेस यांच्याशी जुने वैर होते. मोझेस यांना हटवण्यासाठी केंद्राकडून निधी अडवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हाही मोझेस टिकले.

बदल लवकर दिसू लागला. सेंट्रल पार्कमधली मेंढरे ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात गेली. डिसेंबर १९३४ मध्ये पडक्या पिंजऱ्यांच्या जागी नवे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. कसिनोची इमारत १९३६ मध्ये पाडण्यात आली आणि तिथे मुलांचे क्रीडांगण झाले. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकासाठी जमवलेला निधी कित्येक वर्षे नुसता पडून होता. त्यातून १९३४ च्या उन्हाळ्यात दाट वस्तीत नऊ क्रीडांगणे उभी राहिली.

तिजोरी रिकामी, मग पैसा कुठून आला?

मोठा पैसा केंद्र सरकारचा होता. बेकारांना काम देण्यासाठी रुझवेल्ट सरकारने सार्वजनिक कामांच्या योजना काढल्या होत्या. आपल्याकडच्या रोजगार हमी योजनेशी त्यांचे नाते सांगता येईल. मात्र निधी त्यालाच लवकर मिळे, ज्याच्याकडे कामांचे नकाशे आणि अंदाजपत्रके तयार असत. इतर शहरे विचार करत होती, तेव्हा न्यूयॉर्कच्या उद्यान विभागात मंदीमुळे घरी बसलेले शेकडो वास्तुविशारद आणि अभियंते रात्रंदिवस आराखडे काढत होते.

ला गार्डिया स्वतः विमानाने वॉशिंग्टनच्या फेऱ्या मारत, आराखडे मंत्र्यांच्या टेबलावर ठेवत आणि मंजुरी घेऊनच परतत. ते रिपब्लिकन आणि रुझवेल्ट डेमोक्रॅट, पण शहराच्या कामात पक्ष त्यांनी आड येऊ दिला नाही. एक काळ असा होता, की सार्वजनिक कामांच्या डब्ल्यूपीए या योजनेतील देशभरातल्या खर्चाचा सुमारे सातवा हिस्सा एकट्या न्यूयॉर्कमध्ये येत होता. अमेरिकी महापौरांच्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे भूषवले आणि शहरांना थेट केंद्राकडून मदत मिळावी, ही बाजू लावून धरली.

एकाच उन्हाळ्यात ११ तलाव?

१९३६ चा उन्हाळा न्यूयॉर्कच्या आठवणीत राहिला तो उकाड्यामुळे आणि जलतरण तलावांमुळे. जूनअखेरीपासून साधारण दर आठवड्याला एक, असे ११ मोठे सार्वजनिक तलाव खुले झाले. उद्घाटनाला महापौर बहुतेक वेळा जातीने हजर असत. ब्रुकलिनमधील मॅकॅरन पार्कच्या तलावात एका वेळी ६,८०० जणांची सोय होती. क्वीन्समधील अ‍ॅस्टोरियाच्या तलावात त्याच वर्षी बर्लिन ऑलिम्पिकसाठी अमेरिकी जलतरणपटूंची निवड चाचणी झाली. त्याच जुलैत रँडल्स आयलंडवर नवे स्टेडियम सुरू झाले आणि तिथल्या निवड चाचणीत जेसी ओवेन्स धावले.

तलावांमागचा विचार साधा होता. पाणी गाळून शुद्ध केलेले असावे, म्हणजे मुले नदीच्या सांडपाण्यात उतरणार नाहीत. कपडे बदलायच्या इमारती हिवाळ्यात व्यायामशाळा म्हणून वापरता याव्यात, तर तलावाच्या आवारात व्हॉलीबॉल, हँडबॉल खेळता यावा. आठवड्याच्या दिवसांत सकाळी लहान मुलांना प्रवेश मोफत होता. इतर वेळी मुलांना १० सेंट आणि मोठ्यांना २० सेंट. सुविधा नुसती बांधून भागत नाही. ती वर्षभर चालावी आणि गरिबाच्या खिशाला परवडावी, हा हिशेब आराखड्यातच केलेला होता.

कलेसाठी काय केले?

इथे बँडमास्तरचा मुलगा बोलत होता. संगीत आणि चित्रकलेत गती असलेल्या, पण खासगी शिकवणी न परवडणाऱ्या मुलांसाठी शहराने स्वतःची शाळा काढावी, असा ला गार्डिया यांचा आग्रह होता. १९३६ मध्ये हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट सुरू झाली. प्रवेश गुणवत्ता चाचणीवर, फी नाही आणि नेहमीचे सर्व विषयही शिकवायचे. मंदीत अशी चैन कशाला, असा प्रश्न विचारणे सोपे होते. ला गार्डिया मात्र या शाळेला आपल्या कारकिर्दीतील सर्वात आशादायी काम मानत. ही शाळा आज लिंकन सेंटरजवळ भरते आणि तिला त्यांचेच नाव आहे.

महापालिकेचे डब्ल्यूएनवायसी हे रेडिओ केंद्र काटकसरीसाठी बंद करू, असे त्यांनी १९३३ च्या प्रचारात सांगितले होते. सत्तेत आल्यावर केंद्राचा उपयोग त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी आपला शब्द फिरवला. पुढे या केंद्रावर अभिजात संगीत घरोघरी पोहोचू लागले. १९४० पासून अमेरिकी संगीताचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. दर रविवारी महापौर स्वतः लोकांशी बोलत. जुलै १९४५ मध्ये वृत्तपत्र वितरकांचा संप झाला आणि मुलांच्या चित्रकथा बुडाल्या, तेव्हा त्यांनी त्या रेडिओवर साभिनय वाचून दाखवल्या. बाजारभावाइतकीच लहान मुलांची करमणूक ही शहरप्रमुखाची जबाबदारी आहे, हे लोकांना त्यातून कळले.

जप्त इमारतीत ऑपेरा कसा पोहोचला?

मॅनहॅटनच्या ५५ व्या रस्त्यावर मेक्का टेम्पल नावाचे भव्य सभागृह होते. एका बंधुसंघाने ते १९२० च्या दशकात बांधले होते. कर थकला आणि इमारत महापालिकेच्या ताब्यात आली. ती विकून टाकणे किंवा पाडणे हाच सोपा मार्ग होता. ला गार्डिया आणि नगर परिषदेचे अध्यक्ष न्यूबोल्ड मॉरिस यांनी वेगळा मार्ग काढला. नफा न कमावणारी संस्था स्थापून तिच्या हाती सभागृह दिले. अट एकच, की तिकीट सामान्य माणसाला परवडले पाहिजे. सर्वात महाग तिकीटही दोन डॉलरच्या आसपास ठेवण्यात आले.

११ डिसेंबर १९४३ रोजी, महापौरांच्या ६१ व्या वाढदिवशी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या मैफलीने सिटी सेंटरचे दार उघडले. राष्ट्रगीताच्या वेळी वाद्यवृंदाचे संचालन खुद्द महापौरांनी केले. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथे न्यूयॉर्क सिटी ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. १९४५ मध्ये टॉड डंकन हे कृष्णवर्णीय गायक या मंचावर प्रमुख भूमिकेत उभे राहिले. देशातील सर्वात प्रतिष्ठित ऑपेरागृहाची दारे कृष्णवर्णीय गायकांना तेव्हा बंदच होती. १९४८ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले याच वास्तूत आकाराला आली. पडीक मालमत्ता, नाममात्र दर आणि स्वायत्त व्यवस्थापन या तीन गोष्टींवर हे सारे उभे राहिले.

अधिकार नसतानाही महापौर काय करू शकतो?

बेसबॉल संघ खासगी मालकीचे होते आणि त्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंना अलिखित बंदी होती. महापौरांना संघांवर हुकूम चालवण्याचा अधिकार नव्हता. पण १९४५ मध्ये नोकरीतील भेदभावाविरुद्ध राज्याचा कायदा झाला आणि ला गार्डिया यांनी बेसबॉलमधील भेदभावाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्यात ब्रुकलिन डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनाही घेतले. रिकी यांच्या हालचाली आधीच सुरू होत्या. समितीमुळे शहरातले वातावरण तापले. ऑक्टोबर १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध केल्याची घोषणा झाली. एप्रिल १९४७ मध्ये ते डॉजर्सकडून मैदानात उतरले, तेव्हा ला गार्डिया हयात होते.

मग चुकले कुठे?

पहिली चूक आवडीनिवडीची. कला म्हणजे काय, हे महापौर स्वतःच ठरवू लागले. रस्त्यावर ऑर्गन वाजवून पोट भरणाऱ्यांवर त्यांनी १९३६ पासून बंदी घातली. लहानपणी प्रेस्कॉटमध्ये माकड घेऊन आलेल्या एका इटालियन ऑर्गनवाल्यावरून पोरांनी त्यांना चिडवले होते, तो सल त्यांच्या मनात राहिला होता. १९३७ मध्ये बर्लेस्क थिएटरांचे परवाने नाकारले. १९४२ मध्ये जुगाराच्या नावाखाली पिनबॉल यंत्रांवर बंदी आणली, ती १९७६ पर्यंत टिकली. यात गुन्हेगारीला आळा घालण्याचा हेतू होता, हे खरे. पण गरिबांची स्वस्त करमणूक आणि गरीब कलावंतांची रोजीरोटीही गेली.

दुसरी चूक अधिक खोल आहे. मार्च १९३५ मध्ये हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत दंगल झाली. महापौरांनी चौकशी आयोग नेमला. आयोगाने बेकारी, भेदभाव, पोलिसांची दांडगाई आणि सार्वजनिक सुविधांची उणीव यांवर बोट ठेवले. हा अहवाल महापौरांनी प्रसिद्धच केला नाही. अ‍ॅमस्टरडॅम न्यूज या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने तो छापला. १९३६ मध्ये हार्लेमला मोठा तलाव मिळाला. पण शहरभर उद्याने वाढत असताना हार्लेमचा वाटा अपुराच राहिला. कुठे किती मैदाने हवीत हे ठरवताना ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांचाच आवाज सर्वात क्षीण होता.

तिसरी चूक मोझेस यांच्या हाती एकवटलेल्या सत्तेची. पुलांच्या टोलमधून त्यांना स्वतंत्र उत्पन्न मिळू लागले आणि महापौरांचा धाक उरला नाही. १९४१ मध्ये त्यांनी बॅटरी पार्कमधील विनामूल्य मत्स्यालय बंद करून टाकले. लाखो लोकांच्या या आवडत्या ठिकाणाला नवी जागा मिळायला १९५७ उजाडले. पुढच्या दशकांत त्यांच्या महामार्गांनी वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. उद्याने उभारणारा कार्यक्षम अधिकारी लोकांना उत्तरदायी नसेल, तर तोच उद्या लोकांच्या जागेवर नांगर फिरवतो, हा धडा शहराला उशिरा मिळाला.

त्यांच्या पश्चात काय उरले?

चौथ्यांदा निवडणूक न लढवता ला गार्डिया १९४५ च्या अखेरीस पायउतार झाले. १९४६ मध्ये युद्धग्रस्तांच्या मदतीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचे ते प्रमुख होते. २० सप्टेंबर १९४७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मागे राहिले ते गहाण पडलेले घर आणि सुमारे ८,००० डॉलरचे युद्धरोखे. अब्जावधींच्या कामांवर सही करणाऱ्या माणसाची एवढीच शिल्लक.

त्यांनी उभारलेल्या सुविधांचे पुढचे आयुष्य मात्र सरळ नव्हते. बांधकामाला केंद्राचा पैसा होता. देखभाल शहराच्या माथी होती. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क पुन्हा आर्थिक संकटात सापडले आणि तलाव, मैदाने भकास झाली. मॅकॅरनचा तलाव १९८० च्या दशकात बंद पडला, तो दुरुस्त होऊन २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला. जे बांधले ते राखण्याची तजवीज कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर ला गार्डिया यांच्याकडेही नव्हते.

आपल्याकडील महापौरांना हे शक्य आहे का?

जसेच्या तसे नाही. न्यूयॉर्कचा महापौर थेट लोकांमधून निवडला जातो आणि प्रशासनाचाही प्रमुख असतो. महाराष्ट्रात महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतात, त्यांची मुदत अडीच वर्षांची असते आणि कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात उद्याने, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक संवर्धन हे विषय नागरी संस्थांच्या यादीत आले. पण अधिकार किती द्यायचे, हे राज्याच्या हाती राहिले.

तरीही ला गार्डिया यांच्या कारकिर्दीतले बरेचसे काम केवळ कायद्याच्या बळावर झाले नव्हते. पडून असलेला निधी शोधणे, आराखडे आधी तयार ठेवणे, ताब्यातील रिकाम्या वास्तूला नवे काम देणे, दर परवडणारे ठेवणे आणि ज्यावर हुकूम चालत नाही तिथे समिती नेमून जनमत तयार करणे यासाठी इच्छा आणि पाठपुरावा लागतो. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन चालवणाऱ्या महापालिका आपल्याकडेही आहेत. नाट्यगृहाचे भाडे किती, मैदान सकाळी कोणाला मिळते, लग्नसमारंभाला किती दिवस जाते आणि देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात आहे का, हे प्रश्न सभागृहात विचारायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. महापौरांनी ते विचारले नाहीत, तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या पोरांनी विचारायचे तरी कोणाला?